उसाच्या बेटावर चार दिवस

दिवाळीच्या सुट्टीत आजीला समुद्र दाखवायचा, असं माझ्या मुलीनं ठरवलं. ती पुण्यात नोकरी करते आणि पैसे तिचेच, त्यामुळे ठिकाणही तिनंच ठरवलं: मॉरिशस. भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही आणि मुंबईहून विमानानं सहा तासांच्या आसपास पोचता येतं. आजीला सोसेल एवढाच प्रवास. माझ्याकडे काम आलं ते रिसॉर्ट निवडण्याचं. "बाबा, तुम्ही इतिहास शिकवता, तुम्हीच बघा कुठं राहायचं ते," असं म्हणून तिनं चार-पाच नावांची यादी पाठवून दिली.

नवीन जालन्यातल्या आमच्या घरापासून कुठलाही समुद्र तीनशे किलोमीटरच्या आत नाही. त्यामुळे मी आधी नकाशा उघडला. बेट लहानसं, सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचं. आपल्या जालना जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. ते विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं ऋतू उलटे. आपल्या मे महिन्यात तिकडे थंडीची चाहूल आणि दिवाळीत उन्हाळ्याची सुरुवात. वारा बहुतेक आग्नेयेकडून येतो. म्हणून पूर्वेच्या बेल मारला वाळू पांढरीशुभ्र असली तरी हवा जोराची, आणि पश्चिमेच्या फ्लिक-ऑं-फ्लाकला पाणी शांत. उत्तरेला ग्रां बे, तिथे बाजार आणि गर्दी. नैऋत्येच्या टोकाला ल मॉर्नचा डोंगर. चक्रीवादळांचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे दिवाळी त्याच्या उंबरठ्यावरची. म्हाताऱ्या माणसासाठी पश्चिम किनारा बरा, इथपर्यंत मी पोचलो होतो.

मग फोटो मायला दाखवले. निळा तलाव, नारळ, पांढऱ्या खांबांची हवेली. तिनं चष्मा वर केला, फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा ऊस हाय का रं?"

ऊसच होता. त्या एका रिसॉर्टच्या नावातही साखर होती.

माय आणि बापू, म्हणजे माझे वडील, यांनी घनसावंगी तालुक्यातून निघून एकोणीस हंगाम ऊसतोड केली. दसरा झाला की मुकादम उचल द्यायचा, दिवाळीला बायामाणसं गाडीत, आणि परत यायचं ते पाडव्याच्या पुढेमागे. मी गावी आजीकडे राहून शाळा शिकलो. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा आमच्या घरातला हिशेब. एक दिवस आजारपणात गेला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे मजुरीतून कापून वर दंड.

तिचा प्रश्न ऐकल्यावर मी रिसॉर्टची यादी बाजूला ठेवली आणि त्या उसाचा इतिहास वाचायला घेतला.

मॉरिशसवर १७१५ पासून फ्रेंच होते, १८१० मध्ये ते इंग्रजांनी घेतलं. ऊस पिकवणारे हात गुलामांचे, आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेले. १ फेब्रुवारी १८३५ पासून तिथे गुलामगिरी रद्द झाली. मळेवाल्यांनी मात्र आधीच दुसरी सोय सुरू केली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. हे मजूर कराराचे, गिरमिटाचे. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचं आपल्या माणसांच्या तोंडी झालेलं रूप ते 'गिरमिट'. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथे उतरली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशाची, त्याखालोखाल मद्रासकडची. मुंबई बंदरातूनही जहाजं गेली. त्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, सावंतवाडी या भागांतली मराठी माणसं होती. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे आमच्याकडची माणसं त्या गर्दीत फारशी नसावीत.

पण करार वाचताना मला सगळं ओळखीचं वाटत गेलं. सुरुवातीचा करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. माणसं जमवून देणारा आणि त्यांच्यावर देखरेख करणारा सरदार, म्हणजे आपला मुकादम. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापायची, याला तिथे 'डबल कट' म्हणत. मी हे मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हंजी खाडाच की."

फरकही सांगायला हवा. मुकादमाची उचल फेडली की माय घरी परतत होती. गिरमिट्याला मधे समुद्र होता. १८६७ च्या कायद्यानं करार संपलेल्या मजुरांनाही फोटो लावलेला पास जवळ बाळगणं सक्तीचं झालं. तो नसला तर भटका म्हणून तुरुंगात टाकत. १८७१ मध्ये जुन्या मजुरांच्या वतीनं एक अर्ज गव्हर्नरकडे गेला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या आणि अंगठे होते आणि तो लिहून देण्यात आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याचा पुढाकार होता. त्यातूनच पुढे रॉयल कमिशन बसलं. मजूर आणणं थांबलं ते १९१० मध्ये.

जी मराठी माणसं तिथे राहिली, त्यांतल्या अनेकांच्या बापाचं नावच कारकुनाच्या वहीतून पुढे आडनाव होऊन बसलं. घरातली भाषा क्रिओल झाली तरी गणपती टिकला. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. एप्रिल २०२३ मध्ये मोका इथे मराठी मंडळींनी शिवाजी महाराजांचा पुतळाही उभारला.

आणि रिसॉर्ट? त्यांचाही इतिहास आहे. फ्रेंचांनी किनाऱ्यालगतची पन्नास 'भौमितिक पावलं', म्हणजे सुमारे ८१ मीटर रुंदीची पट्टी, लष्करी संरक्षणासाठी राजाच्या मालकीची म्हणून राखून ठेवली होती. ती जमीन आजही सरकारची आहे आणि बरीचशी हॉटेलं तिच्यावर भाडेपट्ट्यानं उभी आहेत. साखरेचा धंदा उतरणीला लागल्यावर साखरेच्याच कंपन्या पर्यटनाकडे वळल्या. तरी भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू कायद्यानं सगळ्यांची. पाचतारांकित हॉटेलासमोरही कुणीही चटई टाकून बसू शकतो.

मला वाटलं होतं, हे सगळं ऐकून माय नको म्हणेल. मीच मुलीला सुचवलं की आपण गोव्याला जाऊ. माय चिडली. "कामून? म्या ऊस तोडला म्हून म्या समुद्र बघायचा न्हाई का? तिथल्या मान्सांनी तोडला, तेबी बसत असतील की वाळूवर."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या श्रमाची लाज मलाच वाटत होती, आणि ती लाज मी इतिहासाच्या नावानं तिच्यावर घालू पाहत होतो.

शेवटी पांढऱ्या खांबांची हवेली तेवढी आम्ही वगळली, तीही भाड्यामुळे. फ्लिक-ऑं-फ्लाकला सार्वजनिक किनाऱ्याजवळ दोन खोल्यांचं साधं घर घेतलं. स्वयंपाकघर आहे, मायला स्वतःची भाकरी लागते. तिथून कास्काव्हेल जवळ आहे, त्या भागात मराठी वस्ती जुनी. एक दिवस पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटासाठी ठेवला आहे. मजूर जिथे उतरत त्या पायऱ्या तिथे अजून आहेत आणि २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे.

मायच्या पासपोर्टसाठी बोटांचे ठसे घेताना मशीननं तीनदा नकार दिला. कोयत्यानं रेषा झिजल्यात. चौथ्यांदा उमटले. फोटो काढताना तिनं पदर डोक्यावर घेतला, तो मागे करायला लावला. मॉरिशसच्या दफ्तरातले गिरमिट्यांचे फोटो मी तिला दाखवले होते, नंबराखाली एकेक चेहरा. ते आठवून की काय, बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "मव्हाबी नंबर पडला का?"

पडला म्हणालो. मग तिनं विचारलं, तिकडे दिवाळीत तोड चालू असते का. असते, त्यांचा हंगाम जूनपासून वर्षअखेरपर्यंत चालतो.

"मंग एक दिवस फडात बी नेजा," माय म्हणाली. "मोळी कशी बांधतेत ते बघू."