दारं धरायची वेळ

नेकनूरचा जनावरांचा बाजार बीड जिल्ह्यात नावाजलेला. बालाघाटाच्या पठारावरच्या या गावातला विजेचा इतिहास सांगायचा तर सुरुवात बैलांपासूनच करावी लागते. इथल्या विहिरींवर पाणी उपसणारी पहिली ताकद बैलांचीच होती.

चामड्याची मोट, जाड नाडा, खाली बारीक सोंदूर आणि उताराची धाव. बैल धावेवरून उतरले की मोट भरून वर यायची, सोंदूर सैल झाला की पाणी थारोळ्यात पडायचं आणि तिथून पाटात. पाटाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस खोऱ्यानं एका सऱ्याचं तोंड बुजवून दुसऱ्याचं उघडायचा. या कामाला दारं धरणं म्हणतात. मोट पहाटे जुंपायची, ऊन तापलं की सोडायची आणि उन्हं कलली की पुन्हा जुंपायची. रात्री बैलांना वैरण आणि विश्रांती लागे, त्यामुळे माणसालाही रात्र मिळायची. ओलिताचं काम दिवसाचं होतं, ही गोष्ट पुढच्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे.

बीडजवळची खजाना विहीर तर बैलांशिवायच चालली. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधलेल्या या विहिरीचं पाणी भुयारी कालव्यातून केवळ उताराच्या बळावर शेतांकडे जातं. सरकारी भाषेत वारा आणि ऊन यांना 'अपारंपरिक' ऊर्जा म्हणतात. मराठवाड्याच्या खेड्याला हा शब्द पटणं अवघड आहे. खळ्यावर वाऱ्याची दिशा पाहून उफणणारा आणि अंगणात ज्वारी वाळत घालणारा माणूस हीच तर ऊर्जा पिढ्यानपिढ्या वापरत आला. इथं नवी होती ती तारेतून आलेली वीज.

ती आली मोठ्या आशेनं. बीड 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. 1960 साली महाराष्ट्र राज्य आणि राज्याचं वीज मंडळ एकाच वर्षी जन्माला आले. डिझेल इंजिनाची धडधड कमी होऊन विहिरींवर मोटारी बसू लागल्या. 1971 मध्ये परळीचं औष्णिक केंद्र सुरू झालं, तेव्हा विजेचं उगमस्थान थेट आपल्याच जिल्ह्यात आलं. पण औष्णिक केंद्राला कोळशाबरोबर पाणीही लागतं. कोळसा बाहेरून आणता येतो, पाणी कुठून आणणार? फेब्रुवारी 2013 मध्ये दुष्काळानं धरणं कोरडी पडली आणि 1,130 मेगावॅट क्षमतेचं परळी केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. 2015 मध्ये पुन्हा तीच वेळ आली. ज्या जिल्ह्यात टँकरनं पिण्याचं पाणी येतं, तिथं वाफेवर चालणारी वीज किती काळ भरवशाची, हा प्रश्न त्या दुष्काळांनी कायमचा विचारून ठेवला.

दरम्यान शेतीच्या वाट्याला आली ती आठ तासांची थ्री फेज आणि दिवस-रात्रीची पाळी. रात्रीची लाईट आली की शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन वस्तीवरून निघतो. बोरवरच्या मोटारीला ऑटो लावलेला असला, तरी दारं धरायला माणूस लागतोच. चिखलात अनवाणी पाय, साप-विंचू, थंडीत गार पाणी, आणि मध्येच फ्यूज गेला किंवा डीपी जळाला तर सगळी रात्र वाया. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये जिल्ह्याच्याच आष्टी तालुक्यात नरभक्षक बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा दिवसा वीज द्या ही मागणी कळवळून पुढे आली. हा बिबट्या पुढे डिसेंबरमध्ये करमाळा तालुक्यात मारला गेला. रात्रीची पाळी मात्र संपली नाही.

वाऱ्याची गोष्ट वेगळ्या वाटेनं आली. पवनऊर्जेचे देशातले पहिले प्रकल्प 1986 च्या सुमारास उभे राहिले, त्यात महाराष्ट्राचा कोकण किनाराही होता. राज्याची महाऊर्जा ही संस्थाही त्याच काळातली. नंतर साताऱ्यातलं वनकुसवडे पठार पवनचक्क्यांनी भरलं आणि पुढे बालाघाटाच्या कड्यांवरही पाती फिरू लागली. या पात्यांचं गणित विलक्षण आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती आठपट होते. म्हणून इथली वीज मुख्यतः जून ते सप्टेंबर या पावसाळी वाऱ्यांची. पण त्याच महिन्यांत, पाऊस बरा झाला तर, विहिरीवरची मोटार बंद असते. हरभऱ्याला, कांद्याला पाणी लागतं तेव्हा वारा पडलेला असतो. त्यामुळे पवनचक्की डोंगरावर दिसते, तिची वीज ग्रिडमध्ये जाते आणि खालच्या शिवारातली पाळी तशीच राहते. हे चक्कीचं पाप नव्हे. पण मनात जो सल राहतो तो खरा आहे.

जमिनीचा मोबदला, टॉवरसाठी होणारे रस्ते, तांब्याच्या केबलची चोरी, ठेकेदारीतली दडपशाही, हेही या विजेबरोबर गावात आलं. शेजारच्या केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी तिचा संबंध असल्याचं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. स्वच्छ ऊर्जा म्हणताना धुराचा हिशेब होतो, तसा या माणसाच्या जिवाचाही व्हायला हवा.

उन्हाचं वेळापत्रक मात्र शेताशी जुळतं. पावसाळा संपला की आकाश मोकळं होतं आणि नेमकी तेव्हाच रब्बीची तहान सुरू होते. 2017 मध्ये राज्यानं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथं तिची सुरुवात झाली. 2023 च्या दुसऱ्या टप्प्यात पडीक जमिनीला हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये भाडं आणि दरवर्षी 3 टक्के वाढ ठरली. वीज जिथं लागते तिथल्याच उपकेंद्राला ती जोडायची, म्हणजे तारेतली गळतीही कमी. दुसरा मार्ग स्वतंत्र सौर पंपाचा, ज्यात सर्वसाधारण शेतकऱ्यानं 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं 5 टक्के रक्कम भरायची. कुणी म्हणतं स्वतःचा पंप बरा, डीपीची आणि बिलाची कटकट नाही. कुणी म्हणतं वाहिनीच बरी, कारण खोल बोरला पंपाचा जोर पुरत नाही आणि ढगाळ दिवशी धार बारीक होते.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. तरी बीडमध्ये वादाचा तिसरा प्रश्नच मोठा आहे, आणि तो पाण्याचा. रात्रीचा त्रास आणि विजेची मर्यादा, वाईट का असेना, उपशाला एक लगाम होता. ऊन फुकट, पंप दिवसभर सुरू, तर शेजाऱ्याची बोर कोरडी पडायला वेळ लागणार नाही. सौर पंपासोबत ठिबक आणि भूजलाचा हिशेब आला नाही, तर परळीला जे झालं ते विहिरीच्या तळाशी होईल. मोटेला हा प्रश्न पडला नव्हता, कारण बैल दमला की उपसा थांबायचा.

सकाळी नऊला पॅनलवर ऊन तिरपं पडतं, कंट्रोलरवर हिरवा दिवा लागतो आणि पाइपातून आधी हवा, मग फुसकन पाणी येतं. पॅनलवरची धूळ कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसत असतं. दहाला धार पुरती धरते, दुपारी भरून वाहते, चारनंतर ओसरते. मळ्यात दारं धरणारा माणूस खोरं खांद्यावर टाकून उजेडातच घराकडे निघतो.