घरात कुणी आहे का? : हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरची गोष्ट

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी समितीने लेख मागितला, तेव्हा विषयही त्यांनीच सुचवला. गेल्या वर्ष-दोन वर्षांत आपल्या सोसायटीतल्या बऱ्याच घरांत एकच चर्चा चालू आहे. मुलं परगावी किंवा परदेशात, इथे आई-बाबा दोघंच, काही घरांत तर एकटंच कुणीतरी. मुलं फोनवर म्हणतात, "घरात सेन्सर बसवून घ्या." कुठला, कुठे आणि कशासाठी, हे मात्र फोनवर धड ठरत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी ताबा घेताना चाळिशीत असलेले सभासद आता पासष्टीत आहेत. त्यामुळे हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहिलेला नाही.

दुकानात विचारलं तर किंमत कळते आणि कंपनीचं नाव कळतं. पण निवड करायची तर या वस्तूंचा इतिहास थोडा माहीत असलेला बरा. बाजारात आज जे प्रकार मिळतात ते वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या शोधांतून आलेले आहेत. दिसायला सगळ्या पांढऱ्या डब्याच, पण प्रत्येक डबीला एकच ठरावीक प्रश्न कळतो. आपला प्रश्न काय आहे हे ठरलं, की निम्मी खरेदी झाली म्हणून समजा.

न दिसणारी ऊब

गोष्ट सुरू होते १८०० साली, इंग्लंडमध्ये. युरेनस ग्रहाचा शोध लावणारे विल्यम हर्शेल सूर्यप्रकाश लोलकातून पाठवून कुठल्या रंगात किती उष्णता आहे ते मोजत होते. प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवायचा आणि पारा किती चढतो ते बघायचं, इतका साधा प्रयोग. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा सगळ्यात जास्त चढला. प्रकाशाला डोळ्यांपलीकडेही पसारा आहे हे तेव्हा कळलं. यालाच आपण आज अवरक्त किरण म्हणतो.

पुढे १८३० च्या आसपास इटलीत नोबिली आणि मेल्लोनी यांनी दोन धातूंच्या जोडांची माळ करून असं उपकरण बनवलं, की काही मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाची ऊबही त्याला कळे. म्हणजे माणूस स्वतःच एक मंद दिवा आहे. आपल्या त्वचेतून सतत किरण बाहेर पडतात आणि त्यांचा जोर साधारण साडेनऊ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असतो. काळोखात झोपलेल्या माणसाचाही हा दिवा चालूच असतो.

राख ओढणारा खडा

दुसरा धागा आपल्या शेजारच्या श्रीलंकेतून निघाला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी तिथून टूर्मलीन नावाचे खडे हॉलंडला नेले. आपल्याकडे याला तोरमल्ली म्हणतात, आणि मूळ नावही सिंहली भाषेतलंच. हा खडा तापवला की जवळची राख आपल्याकडे ओढून घेतो, म्हणून डच लोक त्याला 'राख ओढणारा' म्हणू लागले. १७५६ मध्ये एपिनस या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की ही ओढ विजेची आहे. तापमान बदललं की खड्याच्या दोन टोकांना विरुद्ध विद्युतभार येतो. १८२४ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी या गुणाला 'पायरोइलेक्ट्रिसिटी' हे नाव दिलं. लहानपणी जत्रेत घेतलेला कॅलिडोस्कोपही यांचाच.

यातली खरी मेख एकच. खड्यावर वीज येते ती तापमान *बदलत असताना*. नुसता गरम खडा काही बोलत नाही, गरम होणारा किंवा गार होणारा बोलतो.

तिसरी गरज होती भिंगाची. फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने दीपगृहांसाठी जाड भिंगाऐवजी पायऱ्या-पायऱ्यांचं पातळ भिंग तयार केलं, आणि १८२३ मध्ये ते फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहात बसलं. तेच तत्त्व प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यात दाबून आज सेन्सरच्या तोंडावर बसवतात. त्यावर दिसणाऱ्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या खाचा नक्षीसाठी नसतात. त्या खोलीचे पंख्यासारखे पट्टे पाडतात. एक पट्टा दिसतो, पुढचा दिसत नाही, असे आलटून पालटून.

हे तीन धागे एकत्र आले आणि १९७० च्या दशकापासून चोरघंटांमध्ये 'पीआयआर' सेन्सर रुळला. पॅसिव्ह इन्फ्रारेड, म्हणजे स्वतः काहीही न सोडता फक्त आलेली ऊब पाहणारा. आत दोन इवले तुकडे उलटसुलट जोडलेले असतात. सगळी खोलीच तापली तर दोघांची वीज एकमेकांना खोडून काढते. माणूस पट्टे ओलांडत गेला तर आधी एक तुकडा, मग दुसरा जागा होतो आणि सेन्सर 'हालचाल' म्हणतो.

म्हणजे या डबीला कळणारा प्रश्न आहे : "आत्ता इथून कुणी गेलं का?" "खोलीत कुणी आहे का?" हा प्रश्न तिला कळत नाही. ऑफिसच्या स्वच्छतागृहात बसल्या बसल्या दिवा गेला आणि हात हलवायची वेळ आली, असा अनुभव पुष्कळांना असेल. त्यात यंत्र बिघडलेलं नसतं. आपण हललो नाही, म्हणून त्याच्या हिशोबी आपण नव्हतोच.

आवाजाचा प्रतिध्वनी, आणि कलकत्त्यातली घंटा

दुसऱ्या घराण्यातले सेन्सर स्वतः हाळी देतात आणि उत्तराची वाट बघतात. १८४२ मध्ये प्राग इथे डॉप्लर यांनी सांगितलं, की लहरी सोडणारा किंवा घेणारा हलत असेल तर लहरींची वारंवारता बदललेली भासते. जवळ येणाऱ्या गाडीच्या भोंग्याचा सूर चढतो आणि गाडी पुढे गेली की उतरतो, तो हाच नियम. याच नियमावर १९५० च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युअल बॅग्नो यांनी चोर पकडण्यासाठी कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाचं यंत्र केलं. खोली त्या आवाजाने भरून टाकायची, आणि प्रतिध्वनीचा सूर बदलला तर कुणीतरी हललं. पण पडदा हलला, हवेचा झोत आला, तरी ते फसायचं. आपल्याकडे तर छताचा पंखा वर्षाचे दहा महिने फिरतो.

आवाजाच्या जागी रेडिओलहरी आल्या आणि गोष्ट आपल्या देशात येऊन पोचली. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात लोकांसमोर भिंतीपलीकडून लहरी पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये हाताशी होत्या तेवढ्या साधनांत त्यांनी पाच मिलिमीटरइतक्या आखूड लहरी तयार केल्या, म्हणजे आजच्या भाषेत ६० गिगाहर्ट्झ. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे काम सादर केलं.

आज दुकानात 'एमएमवेव्ह' किंवा 'प्रेझेन्स सेन्सर' नावाने मिळणारी डबी २४ किंवा ६० गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते. लहर इतकी आखूड असल्यामुळे श्वासाबरोबर छाती हलते तेवढीही हालचाल तिला कळू शकते. "कुणी आहे का?" हा प्रश्न हिला कळतो. आराम खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन डुलकी काढणारे आजोबा पीआयआरच्या लेखी नसतात, हिच्या लेखी असतात.

एक योगायोग सांगतो. २०१९ मध्ये गूगलने पिक्सेल ४ या फोनमध्ये असाच छोटा रडार बसवला, पण तो फोन भारतात आलाच नाही. इथे ६० गिगाहर्ट्झच्या पट्ट्याची परवानगी नव्हती. ज्या लहरींवर बोस यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच देशात काम केलं, त्यांनाच परवान्यासाठी दारात थांबावं लागलं.

मग आपल्या घरात काय बसवायचं?

*रात्रीची वाट :* ज्येष्ठांच्या घरात सगळ्यात आधी सोडवायची गोष्ट म्हणजे पलंगापासून संडास-बाथरूमपर्यंतची अंधारातली पावलं. इथे साधा, बॅटरीवरचा पीआयआर पुरतो. पॅसेजमध्ये तो माणसाच्या वाटेला आडवा बसवावा. समोरून सरळ चालत येणारा माणूस एकाच पट्ट्यात राहतो, त्यामुळे उशिरा कळतो. पलंगाजवळ बसवायचा तर गुडघ्याखाली, जमिनीकडे बघणारा. म्हणजे कूस बदलल्यावर दिवा लागणार नाही, पाय खाली टेकल्यावर लागेल. दिवा मंद, पिवळसर असावा.

*हॉल आणि बसायची खोली :* इथे माणूस तासन्‌तास स्वस्थ बसतो, म्हणून प्रेझेन्स सेन्सर. याला बहुधा कायम वीज लागते, म्हणून प्लगपॉइंट जवळ हवा. पंखा, हलणारा पडदा, वाळत घातलेले कपडे यांच्या समोर बसवू नये. शिवाय या लहरी प्लायवुडच्या आणि पातळ पार्टिशनच्या आरपार जातात, हे लक्षात ठेवावं. ॲपमध्ये अंतर मर्यादित करायची सोय असते, ती वापरावी. नाहीतर पलीकडच्या खोलीतला माणूस इथे हजेरी लावतो.

*बाथरूम :* पडलेला, न हलणारा माणूस पीआयआरला दिसत नाही. शॉवरचं पाणी आणि प्लॅस्टिकचा पडदा रडारला गोंधळात टाकू शकतो. म्हणून इथे सेन्सरवर विसंबण्याआधी दोन जुने उपाय करावेत : बाहेरून उघडता येईल अशी कडी आणि बसल्या जागी हात पोचेल असं घंटेचं बटण. त्यानंतर दाराला उघड-बंद कळवणारा छोटा सेन्सर लावून, अर्ध्या तासात दार उघडलं नाही तर निरोप जावा, अशी जोडणी करता येते.

*देवघर आणि स्वयंपाकघर :* समईची हलती ज्योत, गॅसची शेगडी, एसीचा झोत आणि पश्चिमेच्या खिडकीचं ऊन, या चौघांसमोर पीआयआर बसवू नये. मे महिन्यात भिंतीच ३६-३७ अंशांवर गेल्या की माणूस आणि भिंत यांतला फरक उरत नाही आणि पीआयआर आंधळा होतो, हेही माहीत असावं. बाकी भिंगावर कोळ्याचं जाळं झालं किंवा पाल येऊन बसली तर रात्री दोन वाजता दिवे लागणारच. त्याला भुताटकी समजू नये, फडका मारावा.

परदेशातून पाठवताना

बरीच मुलं सुट्टीत येताना वस्तू घेऊन येतात. झिगबी आणि वायफाय साधारण २.४ गिगाहर्ट्झवर, जगभर सारखेच. झेड-वेव्हचं तसं नाही. अमेरिकेत ते ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं, भारतात ८६५ च्या आसपास. तिकडची डबी इकडच्या केंद्राशी बोलणारच नाही आणि तिकडचं केंद्र इथे चालवणं नियमातही बसत नाही. रडारच्या डबीचंही तेच, भारतात विकायला मान्यता असलेलीच घ्यावी. २०२२ मध्ये 'मॅटर' नावाचं सामायिक मानक आलं. ती खूण असली तर निरनिराळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकींशी जुळण्याची शक्यता वाढते.

आणखी एक प्रश्न दुकानदाराला जरूर विचारावा : "इंटरनेट गेलं तर दिवा लागेल का?" पॅसेजचा दिवा लावायला निरोप सातासमुद्रापार जाऊन यायची गरज नाही. हिशोब घरातल्या घरात होणारी व्यवस्था घ्यावी आणि तिचं केंद्र इन्व्हर्टरवर ठेवावं.

किती कळायला हवं?

मुलांच्या काळजीपोटी काही घरांत थेट कॅमेरे लागले आहेत. काळजी खरी आहे, त्यात दुमत नाही. पण आई बेडरूममध्ये साडी बदलते, बाबा कधी उगाच खिडकीशी बसून राहतात, कधी दोघांचं भांडण होतं. हे सगळं कुणीतरी पाहू शकतं ही जाणीव घरात राहते आणि माणूस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वागू लागतो. पीआयआरला चेहरा कळत नाही, नाव कळत नाही, कपडे कळत नाहीत. ऊब हलली, एवढंच कळतं. याला लोक त्याचा कमीपणा म्हणतात. ज्येष्ठांच्या घरात हाच त्याचा मोठा गुण आहे. रडार थोडं जास्त जाणतो. कोण किती वेळ झोपलं याची नोंदही काही डब्या ठेवतात. म्हणून ज्यांच्या खोलीत तो बसणार, त्यांना विचारून, ॲपमध्ये काय दिसतं ते त्यांना दाखवून मगच बसवावा. काम भागेल इतकंच ज्याला कळतं, तो सेन्सर निवडावा.

शेवटचा मुद्दा आपल्या सोसायटीचा. सकाळी नऊपर्यंत हालचाल नाही, असा निरोप न्यू जर्सीला गेला तर तिथे रात्र असते. मुलगा फोन करणार, फोन उचलला जाणार नाही, आणि मग तो शेजाऱ्यांचा नंबर शोधत बसणार. पूर्वी दाराला लटकलेली दुधाची पिशवी दहापर्यंत आत गेली नाही, की समोरचे बेल वाजवून बघत. आता दूध ॲपवरून येतं, पेपर बऱ्याच घरांनी बंद केला, आणि ती खूण गेली. सेन्सर ती खूण परत देऊ शकतो, बेल वाजवायला मात्र माणूसच लागतो. तेव्हा ॲपमध्ये पहिला नंबर मजल्यावरच्या शेजाऱ्याचा घालावा, दुसरा मुलांचा. शेजाऱ्यांकडे एक किल्ली ठेवावी. प्रत्येक मजल्यावर असे दोन तयार सभासद कोण, याची यादी येत्या सर्वसाधारण सभेत करून वॉचमनच्या केबिनमध्ये लावावी, अशी माझी समितीला सूचना आहे. या कामाला वर्गणी काढावी लागणार नाही.