छापील शब्दाची पत

व्यापारांत सावकाराची जशी पत असते, तशी विद्येच्या क्षेत्रांत छापील शब्दाची असते. प्रत्येक दप्तर उघडून पाहणें वाचकास शक्य नसतें. संपादकानें तें पाहिलें असेल, जाणत्यांनीं तपासलें असेल, असें गृहीत धरूनच तो निबंध हातीं घेतो. ही पत मराठी मुलखांत कशी जमली आणि पुढें कशी धोक्यांत आली, हा इतिहास उद्बोधक आहे.

शोधनिबंधांच्या नियतकालिकाचा आरंभ युरोपांत झाला. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनीं १६६५ सालीं असें एक नियतकालिक सुरू केलें. महाराष्ट्रांत मोडक व साने यांनीं १८७८ सालीं 'काव्येतिहाससंग्रह' काढून जुनीं काव्यें व बखरी छापण्याचा प्रघात पाडला. १८९८ सालीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करून वाईस सांपडलेले अस्सल कागद जगापुढें मांडले. निष्कर्ष राजवाड्यांचा, परंतु पुरावा सर्वांचा, अशी ही रीति होती. ज्यास त्यांचीं मतें पटत नसत, त्यास त्यांच्याच खंडांतून त्यांचें खंडन करतां येई. ७ जुलै १९१० रोजीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, आणि जाणत्यांच्या सभेंत निबंध वाचण्याची शिस्त रूढ झाली.

मराठवाड्यास हा वारसा परका नाहीं. सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म १९१० सालीं, आज लातूर जिल्ह्यांत असलेल्या निलंगा गांवीं झाला. त्यांनीं फारसी साधनें मराठींत आणलीं. फारसी न जाणणाऱ्या वाचकाजवळ भाषांतर ताडून पाहण्याचा उपाय नसतो. तेथें लेखकाचा प्रामाणिकपणा हाच काय तो जामीन. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांनीं 'श्रीमान योगी' या कादंबरीच्या निमित्तानें रणजित देसाई यांस प्रदीर्घ पत्र लिहून शिवचरित्राच्या साधनांची छाननी केली. तें पत्र पुढें त्याच ग्रंथाची प्रस्तावना म्हणून छापलें गेलें. टीकाकारास मानाचें पान देण्याची ही वृत्ति विद्येचें खरें भूषण होय.

अशा या प्रदेशांत १७ सप्टेंबर १९९४ रोजीं नांदेड येथें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें व लातूरचीं महाविद्यालयें त्याच्या कक्षेंत आलीं. पुढें २०१० सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें देशभरच्या अध्यापकांच्या नेमणुकीस व बढतीस गुणांकांचें माप लावलें. प्रसिद्ध निबंधांस त्यांत गुण होते. हेतु संशोधनास उत्तेजन देण्याचा होता. परंतु निबंधांचें वजन होण्याऐवजीं त्यांची मोजदाद होऊं लागली. जेथें गिऱ्हाईक, तेथें दुकान! शुल्क घेऊन चार दिवसांत निबंध छापून देणारीं नियतकालिकें ठिकठिकाणीं निघालीं. तीं आपल्या मुखपृष्ठावर आंतरराष्ट्रीय क्रमांक मिरवीत. वस्तुतः तो क्रमांक केवळ ओळखीचा असतो; गुणवत्तेची ग्वाही त्यांत नसते.

हा रोग केवळ भारताचा नव्हे. अमेरिकेंतील ग्रंथपाल जेफ्री बील यांनीं अशा प्रकाशकांस 'भक्षक' हें नांव दिलें. २०१३ सालीं जॉन बोहॅनन यांनीं ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक निबंध ३०४ नियतकालिकांकडे धाडला. त्यांपैकीं १५७ जणांनीं तो स्वीकारला.

आयोगानें २०१७ सालीं मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी प्रसिद्ध केली. तिची परीक्षा महाराष्ट्रांतच झाली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठांतील भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनीं, विद्यापीठांच्या शिफारशींवरून यादींत आलेल्या नियतकालिकांपैकीं १,००९ तपासलीं व २०१८ सालीं 'करंट सायन्स'मध्यें निष्कर्ष छापले. शेंकडा ३४.५ ठिकाणीं पत्ता किंवा संपादकांचीं नांवें यांसारखी मूलभूत माहितीच खोटी अथवा गैरहजर होती. आणखी शेंकडा ५२.३ ठिकाणीं क्रमांक, प्रभाव-गुणांक अथवा संपादकांची योग्यता यांत खोट आढळली. शिफारस विद्यापीठांची, आणि माल असा! त्याच वर्षीं मे महिन्यांत आयोगानें ४,३०५ नांवें यादींतून काढून टाकलीं.

पुढें २०१९ सालीं 'केअर' नांवाची नवी यादी आली. तेव्हां यादींतील प्रतिष्ठित नियतकालिकांच्या नांवांचीं तोतयी संकेतस्थळें उभीं राहिलीं. तोतयांचा उपद्रव मराठ्यांच्या इतिहासास नवा नाहीं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या तोतयानें पुण्यास किती घोर लावला, हें सर्वश्रुतच आहे. अखेर २०२५ सालीं आयोगानें ही यादी बंद केली आणि नियतकालिक पारखण्याचा भार विद्यापीठें, महाविद्यालयें व अध्यापक यांच्यावर सोंपविला.

आतां नांदेडच्या वा लातूरच्या तरुण अध्यापकास यादीचा आडोसा उरलेला नाहीं. संपादक कोण, निबंध कोणी तपासला, शुल्क कशासाठीं, चूक निघाल्यास ती छापून दुरुस्त होते काय, हे प्रश्न त्यानेंच विचारावयाचे आहेत. आणि त्याच्या निवडीस बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं निबंध मोजण्यापूर्वीं ते वाचावयाचे आहेत. खोट्या निबंधानें बढती मिळेल, परंतु त्याचें कर्ज विद्यार्थ्यांस फेडावें लागेल. कारण शिक्षकाचा छापील शब्द ते खरा मानून चालतात.