संघटनात्मक मानसशास्त्र व मानसशास्त्रीय मापनाचे पदव्युत्तर शिक्षण (महाराष्ट्र)

संघटनात्मक मानसशास्त्र ही कारखाने, कार्यालये व अन्य संस्थांमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या वर्तनाचा अभ्यास करणारी उपयोजित मानसशास्त्राची शाखा आहे. पूर्वी ती ‘औद्योगिक मानसशास्त्र’ या नावाने ओळखली जात असे. मानसशास्त्रीय मापन म्हणजे बुद्धिमत्ता, अभिक्षमता, अभिरुची व व्यक्तिमत्त्व यांचे प्रमाणित चाचण्यांद्वारे केलेले मापन. महाराष्ट्रात हे दोन्ही विषय प्रामुख्याने मानसशास्त्रातील एम.ए. पदवीच्या अंतर्गत, एकमेकांच्या सोबतीने शिकवले जातात.

== पार्श्वभूमी ==

भारतात मानसशास्त्राचे पदव्युत्तर अध्यापन १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात सुरू झाले. तेथील पहिले विभागप्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्ता हे हार्वर्ड येथे ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांचे विद्यार्थी होते. म्युन्स्टरबर्ग हे औद्योगिक मानसशास्त्राच्या प्रवर्तकांपैकी एक मानले जातात.

मराठी भाषकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम वि. वि. कामत यांचे आहे. स्टॅनफर्ड-बिने या अमेरिकी बुद्धिमापन चाचणीचे कन्नड व मराठी मुलांसाठी त्यांनी केलेले रूपांतर १९३४ मध्ये पुढे आले. हेच रूपांतर ‘बिने-कामत चाचणी’ म्हणून ओळखले जाते. रूपांतर हा शब्द येथे भाषांतराहून व्यापक अर्थाने घ्यावा लागतो. प्रश्नाचे शब्द बदलले की त्याची काठिण्यपातळी बदलते, आणि एका भाषेत आठ वर्षांच्या मुलाला सुटणारा प्रश्न दुसऱ्या भाषेत दहा वर्षांच्या मुलालाही अडवू शकतो. म्हणून चाचणी प्रत्यक्ष मुलांना देऊन प्रश्नांचा क्रम व वयोगट नव्याने ठरवावे लागतात. नव्वद वर्षे उलटून गेली तरी ही चाचणी बौद्धिक अक्षमतेच्या निदानासाठी वापरात आहे. ही तिची थोरवी खरीच, पण तिच्या तोडीचे नवे काम मराठीत किती कमी झाले, हेही त्यावरून दिसते.

पुण्यात डॉ. वि. वि. पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी ही संस्था स्थापन केली. तिच्या मानसशास्त्र विभागात जे. पी. गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर आधारित चाचण्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी तयार करण्यात आल्या. या कामात डॉ. उषा खिरे यांचा मोठा वाटा आहे.

उद्योगक्षेत्रात अहमदाबाद येथील कॅलिको मिलमधील प्रयोग प्रसिद्ध आहे. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यात होते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये तेथील स्वयंचलित मागांच्या खात्यात कामगारांचे छोटे गट करून ठरावीक मागांची जबाबदारी एकेका गटाकडे सोपवली. यंत्रे तीच असूनही उत्पादन सुधारले. संघटनात्मक मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग आजही आढळतो.

== अभ्यासाचे स्वरूप ==

एम.ए.चा अभ्यासक्रम सर्वसाधारणपणे चार सत्रांचा असतो. चिकित्सा, समुपदेशन किंवा औद्योगिक-संघटनात्मक मानसशास्त्र यांपैकी एका शाखेचे विशेष अध्ययन विद्यार्थी बहुधा दुसऱ्या वर्षी करतो. संघटनात्मक शाखेत कार्यविश्लेषण, कर्मचारी निवड, प्रशिक्षण, प्रेरणा, नेतृत्व, कामावरील ताण व सुरक्षितता हे विषय येतात.

या शिक्षणाचा कणा मात्र मापनाच्या प्रात्यक्षिकांत आहे. चाचणी देणे, गुणांकन करणे आणि अहवाल लिहिणे ही कामे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली वारंवार करावी लागतात. गुणांकन कोणीही शिकू शकतो, अर्थनिर्णयन कठीण असते. उदाहरणार्थ, एखाद्या यांत्रिक अभिक्षमता चाचणीत उमेदवाराला ३२ गुण मिळाले, तर तेवढ्यावरून काहीच कळत नाही. आयटीआय उत्तीर्ण उमेदवारांच्या मानकांशी तुलना केल्यास तो सरासरीच्या वर ठरेल आणि अभियांत्रिकी पदवीधरांच्या मानकांशी केल्यास खाली. मानके परप्रांतातील इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यांवरून काढलेली असतील, तर मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवाराची कुवत मोजली जाते की त्याचे इंग्रजी, हा प्रश्न उरतोच. त्यामुळे चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा मोजले असता निष्कर्ष सारखाच येणे) व सप्रमाणता (जे मोजायचे तेच मोजले जाणे) तपासण्यासाठी सांख्यिकीचा अभ्यास अनिवार्य असतो. मराठीची पदवी घेऊन या विषयाकडे वळणारे विद्यार्थी बहुधा येथेच अडखळतात.

गोपनीयता हाही प्रशिक्षणाचा भाग आहे. चाचणीतील प्रश्न बाहेर फुटले की चाचणी निरुपयोगी होते, म्हणून अनेक प्रकाशक खरेदीदाराची शैक्षणिक पात्रता पाहूनच ती विकतात.

== कायदेशीर स्थिती व दूरशिक्षण ==

चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम, १९९२ नुसार नोंदणी आवश्यक असते. उद्योगांत निवडचाचण्या घेणाऱ्यास असा परवाना लागत नाही. एखाद्याची नोकरी ज्या चाचणीवर अवलंबून आहे, ती घेणाऱ्याच्या योग्यतेची हमी म्हणून व्यवहारात त्याचे पदव्युत्तर प्रशिक्षणच उरते.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या मानसशास्त्रातील एम.ए. अभ्यासक्रमात औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्राचा विशेष गट होता. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना तो सोयीचा पडे. निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंतसारख्या गावातून पुणे दोनशे किलोमीटरहून दूर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या सोयीचे मोल कळते. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ च्या कक्षेतील विषयांचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून बंद करण्याचे निर्देश दिले. त्या यादीत मानसशास्त्राचा समावेश आहे. प्रात्यक्षिकांविना मापन शिकवता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि संघटनात्मक शाखेचा रुग्णसेवेशी थेट संबंध नसताना तिलाही हाच नियम लागू झाला. नव्या विद्यार्थ्यांना आता हे शिक्षण नियमित महाविद्यालयात किंवा विद्यापीठ विभागात उपस्थित राहूनच घ्यावे लागते.