बराकीचे घर : उल्हासनगरच्या गृहरचनेतील काही शब्द व त्यांचा इतिहास

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी सोडल्यानंतर उल्हासनगर लागते, त्यापुढे अंबरनाथ व त्यानंतर बदलापूर. ह्या तीन नगरांपैकी पहिल्याचे पत्ते वाचण्याचा प्रसंग ज्यांस आला असेल त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आलीच असेल. चार-पाच मजली इमारतीत राहणारा गृहस्थ आपला पत्ता लिहिताना प्रथम बराकीचा क्रमांक देतो, त्यानंतर 'सेक्शन' व शेवटी 'कॅम्प नंबर' देतो. वस्तुतः तेथे बराक उरलेली नसते. सैनिकी छावणी मोडून तर पाऊणशे वर्षे उलटून गेली. तथापि टपालवाला, भाजीवाला व नगरपालिकेचा कारकून हे सर्व त्या नसलेल्या बराकीच्या आधारानेच घर शोधतात. वस्तू नष्ट झाल्यावर तिचे नाव मागे उरणे ही भाषेच्या इतिहासातील नित्याची घटना होय. येथे मात्र त्या नावामागे माणसांनी स्वहस्ते केलेल्या घरदुरुस्तीचा एक मोठा इतिहास दडलेला आहे व त्याची नोंद सरकारी कागदांत फारशी आढळत नाही. प्रस्तुत टिपणात त्याचा काही अंश मांडावयाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराने एक संक्रमण छावणी उभारली. तीत दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. बहुतेक बराकींची रचना एकाच साच्याची असे : मध्ये एक लांबच लांब दालन, दोन्ही टोकांस एकेक-दोन खोल्या, वर उतरते छप्पर. सैनिकाने रात्री पाठ टेकावी व हुकूम येताच निघून जावे, ह्या बेताने ती वास्तू रचलेली होती. तीत चूल नव्हती, मोरी नव्हती, देवघराची तर गोष्टच नको. युद्ध संपले आणि छावणी ओस पडली. त्यानंतर दोन वर्षांतच देशाची फाळणी झाली.

सिंध प्रांताची फाळणी झाली नाही. तो सबंधच पाकिस्तानात गेला. पंजाबातल्याप्रमाणे तेथे एका रात्रीत सर्व उद्ध्वस्त झाले नाही, आणि पुष्कळ हिंदू कुटुंबे काही महिने आशेवर थांबली. हैदराबाद येथे १९४७ च्या डिसेंबरात व कराचीत १९४८ च्या ६ जानेवारीस दंगली झाल्या, त्यानंतर मात्र निर्गमनाचा लोंढा सुरू झाला. कराचीहून आगबोटीने मुंबईस आणि तेथून आगगाडीने कल्याणास, असा अनेकांचा प्रवास झाला. १९५१ च्या शिरगणतीच्या वेळी ह्या छावणीत सुमारे ८० हजार लोक राहत होते. तत्पूर्वी, १९४९ च्या ८ ऑगस्ट रोजी, गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते तिला नगराचा दर्जा व जवळून वाहणाऱ्या नदीवरून 'उल्हासनगर' हे नाव मिळाले होते. संस्कृत 'उल्लास' शब्दाचे मराठी रूप 'उल्हास'. ज्यांच्यासाठी ते नाव योजिले त्यांच्या मनःस्थितीशी त्याचा मेळ कितपत बसत होता, हा प्रश्न वेगळा.

ह्या लोकांत जे वृद्ध होते त्यांच्याविषयी थोडे थांबून लिहिणे अवश्य आहे, कारण पुनर्वसनाचा इतिहास सामान्यतः कर्त्या माणसांच्या उद्योगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे ज्या आमिल गृहस्थाने विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादेस महसूल खात्यात चाकरी धरली, त्याने आपल्या उमेदीची वर्षे मुंबई सरकारच्याच सेवेत घालविली होती. निवृत्तीनंतर घराच्या ओसरीत बसून नातवंडे खेळवावीत ह्या वयात तो त्याच मुंबई प्रांतात येऊन दाखल झाला. पण आता मध्ये सरहद्द होती, व तो परदेशातून आलेला निर्वासित ठरला होता. 'शरणार्थी' हा शब्द ह्या समाजातील अनेकांस रुचला नाही. त्याऐवजी ते स्वतःस 'पुरुषार्थी' म्हणवीत. साठी उलटलेल्या माणसाच्या वाट्याला पुरुषार्थ कोणता आला असेल? माझ्या मते तो घर राहण्याजोगे करण्याचा. तरुण मुलगा बिस्किटे व गोळ्या विकण्यास लोकलगाडीत जाई. बराकीत दिवसभर राहत ते म्हातारे, बायका व मुले. आणि बराकीच्या उणिवाही अधिक जाणवत त्या त्यांनाच.

ह्या उणिवा समजण्यासाठी मागे सोडलेले घर कसे होते हे पाहिले पाहिजे. हैदराबाद-सिंधमध्ये वर्षाकाठी सात-आठ इंच पाऊस पडतो. घरे धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची. उन्हाळ्यात रात्री निजावयाचे ते छतावर. छतावर 'मंघ' नावाचे वातायन असे. नैर्ऋत्येकडून येणारा समुद्रवारा पकडून खालच्या खोलीत उतरविणारी ती एक तिरप्या तोंडाची चिमणीच म्हणावयाची. सबंध शहरावर एकाच दिशेला तोंड केलेले असे शेकडो मंघ दिसत. १९६४ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात बर्नार्ड रुडॉफ्स्की ह्यांनी अनामिक गवंड्यांच्या वास्तुकलेचे जे प्रदर्शन भरविले, त्यात ह्या मंघांची छायाचित्रे होती व जगभरच्या स्थापत्यविशारदांनी त्यांची वाखाणणी केली. ज्यांनी ती घरे बांधून घेतली व वापरली त्या कुटुंबांपैकी पुष्कळजण त्या वेळी कल्याणजवळच्या बराकींत राहत होते, ह्याची जाणीव प्रेक्षकांपैकी कितीजणांस असेल?

कल्याण-अंबरनाथच्या पट्ट्यात शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो व तो बहुतेक चार महिन्यांत पडतो. सपाट छताची सवय असलेल्या माणसाला 'पागोळी', 'पन्हळ', 'वळचण' ह्या वस्तूंशी कधी व्यवहार करावा लागला नव्हता. कोकणी माणूस वैशाखात घर शाकारून घेतो. फुटकी कौले बदलतो, झडीच्या बाजूस झाप बांधतो, सरपण व धान्य कोरड्यात टाकतो. ह्या सर्वांस मिळून तो 'पावसाळ्याची बेगमी' म्हणतो, आणि त्या एका शब्दात पिढ्यान्पिढ्यांचे शहाणपण साठविलेले आहे. सिंधी घरालाही दुरुस्ती लागे, पण ती वेगळी; छतावर मातीचा नवा लेप देणे ही. एका ऋतुचक्राचे ज्ञान घेऊन दुसऱ्या ऋतुचक्रात येऊन पडलेल्या वृद्धाचे सारे व्यावहारिक शहाणपण पहिल्या जूनमध्येच निरुपयोगी ठरले असले पाहिजे. घर शाकारणे म्हणजे काय, हे त्यास आसपासच्या गावांतील गवंडी-सुतारांकडून शिकावे लागले.

बराकीचे पहिले रूपांतर झाले ते आडोशाने. एका दालनात अनेक कुटुंबे. त्यांच्या मध्ये गोणपाट, जुनी साडी किंवा चादर टांगलेली. त्यानंतर चटई व फळ्या आल्या, त्यानंतर विटांची अर्धी भिंत. ही भिंत छपरापर्यंत पोहोचत नसे. कैचीच्या खालपर्यंत येऊन थांबे. त्यामुळे शेजारच्या घरातील दिवा विझला तरी खोकला ऐकू येई. बराकीत बालपण घालविलेल्या वयस्क मंडळींशी मी जेव्हा जेव्हा बोललो तेव्हा त्यांनी अडचणीच्या जागेपेक्षा ह्या वरून येणाऱ्या आवाजाचीच आठवण प्रथम सांगितली. भिंत पुरी झाली तेव्हा हवा कोंडली. मंघाखाली निजलेल्या माणसाला ती कोंडलेली हवा कशी लागली असेल ह्याची कल्पना करता येते.

दुसरे रूपांतर पाण्याचे. नळ सार्वजनिक, शौचकूप सार्वजनिक व तेही दूर. पावसाळी रात्री चिखलातून तेथवर जाणे ही सत्तरीच्या माणसास शिक्षाच होती. म्हणून जेथे थोडी ऐपत आली तेथे प्रथम झाली ती मोरी. ह्या शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. सिंधीत 'मोरी' म्हणजे भोक, पाणी निघून जाण्याचे छिद्र. मराठीत त्या छिद्राभोवतालची सारी जागा, जेथे आंघोळ व भांडी होतात, ती 'मोरी'. गवंड्याला घरमालक छिद्र सांगतो आहे, आणि गवंडी कट्ट्यासह दोन हात चौरस जागा आखतो आहे, असा गोंधळ अशक्य नव्हता. 'दरी' ह्या शब्दाने तर अधिकच घोटाळा होतो. सिंधी माणूस खिडकीला 'दरी' म्हणतो. मराठी सुताराला घरात दरी पाडावयास सांगितले तर तो काय समजेल?

येथे विद्यार्थ्यांस एक सावधगिरीची सूचना देणे प्राप्त आहे. सिंधी व मराठी ह्यांत गृहवाचक शब्दांचे साम्य पुष्कळ आहे. मराठी 'भिंत', सिंधी 'भिति'. मराठी 'अंगण', सिंधी 'अङणु'. मराठी 'माडी', सिंधी 'माड़ी'. 'पाणी' तर दोहोंत एकच व मूर्धन्य णकारासह. हे साम्य पाहून उल्हासनगरच्या सिंधीवर मराठीचा प्रभाव पडला असे अनुमान काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. हे शब्द सिंधीत फाळणीपूर्वीपासून आहेत. त्यांच्या साम्याचे कारण दोन्ही भाषांच्या पूर्वपीठिकेत शोधावयाचे आहे. इतिहासाला उपयोगी पडतात ते असे शब्द, ज्यांची वस्तूच सिंधमध्ये नव्हती किंवा ज्यांची वस्तूच येथे उरली नाही. पहिल्या वर्गात 'शाकारणी' व 'पागोळी' येतात. दुसऱ्यात 'मंघ' येतो. सिंधमध्ये जन्मलेल्या पिढीबरोबर हा शब्द व्यवहारातून नाहीसा होत चालला आहे. घटनेच्या आठव्या अनुसूचीत सिंधीचा समावेश १९६७ साली झाला. पण अनुसूची भाषेला मान देते, घरातील शब्द राखण्याचे काम घरालाच करावे लागते.

एक वस्तू मात्र टिकली. सिंधी घरात झोपाळ्याला, 'पींघो' ह्यास, मोठे स्थान असे. हाला गावचे लाखकाम केलेले, लाल-पिवळ्या रंगांचे झोपाळे प्रसिद्ध होते. बराकीची कैची असला भार पेलण्यास केलेली नव्हती. मी पाहिलेल्या काही घरांत त्यावर तोडगा म्हणून लोखंडी चौकटीचा सुटा झोपाळा आढळला. तो दहा फुटी खोलीतली निम्मी जागा अडवितो. हिशोबी माणूस त्या जागी कपाट ठेवील. तो तेथे का आहे, हे त्यावर बसलेल्या आजीकडे पाहिल्यावर विचारावे लागत नाही.

कुटुंबे वाढली तसा उंच छपराखाली पोटमाळा आला, पुढे पडवी काढली गेली, पडवीला भिंत घालून खोली झाली. वृद्धांची खाट बहुधा ह्या पडवीतच पडे, कारण पोटमाळ्याची शिडी त्यांना चढवत नसे. १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) कायद्याने सरकारी घरांची मालकी राहणाऱ्यांकडे जाण्याची वाट मोकळी केली. पाकिस्तानात राहिलेल्या मालमत्तेचा दावा मान्य झालेला असल्यास घराची किंमत त्यातून वळती करता येई. ही व्यवस्था उदार होती, ह्यात संशय नाही. परंतु कागदावर जे दिले गेले ते बराकीतील मोजलेले क्षेत्र. पडवी, मोरी, पोटमाळा ह्यांचा, म्हणजे ज्यांमुळे बराकीचे घर झाले त्या भागांचा, त्या कागदात पत्ता नव्हता.

पुढील घटनांचे बीज ह्या विसंगतीत आहे असे मला वाटते. १९६० मध्ये नगरपालिका आली, १९९६ मध्ये महानगरपालिका झाली. दरम्यान पडवीवर मजला व मजल्यावर इमला चढत गेला. गरजेपोटी सुरू झालेल्या वाढीत मध्यंतरी व्यापार शिरला, हे नाकारण्यात अर्थ नाही. शेकडो अनधिकृत इमारतींचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेल्यानंतर, २००६ साली, केवळ ह्या एका शहरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळास स्वतंत्र कायदा करावा लागला. २०२१ च्या मे महिन्यात येथे एका इमारतीचा स्लॅब कोसळून सात माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. अशा वेळी 'अनधिकृत' हे विशेषण सरसकट वापरले जाते. १९५० मध्ये आजारी वडिलांसाठी दाराशी बांधलेली मोरी आणि चाळीस-पन्नास वर्षांनी विक्रीसाठी कच्च्या मालाने उभारलेली इमारत ही दोन्ही त्या एका शब्दात बसविली जातात. कायद्याला हा भेद करणे कठीण असेल. इतिहासकाराने तो केलाच पाहिजे, आणि ते करावयाचे तर प्रत्येक भिंत केव्हा व कोणासाठी उभी राहिली हे माहीत असावयास हवे.

शेजारच्या अंबरनाथास शिलाहारकालीन शिवालय आहे. त्याच्या द्वारावरील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काळ दिलेला असून राजा मांवाणी ह्याचे नाव आहे. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या त्या बांधकामाविषयी आपण जे सांगू शकतो, तेवढेही पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या बराकीतील विटेच्या भिंतीविषयी सांगता येत नाही. मूळ बराकींपैकी काही थोड्या अद्याप उभ्या आहेत. त्यांची मोजमापे घेणे, छपराच्या कैच्यांची चित्रे काढणे, कोणती भिंत अर्धी होती व केव्हा पुरी झाली हे तेथील वयोवृद्धांस विचारणे, आणि प्रत्येक भागास ते कोणता शब्द वापरतात तो त्यांच्याच उच्चारात टिपून घेणे, एवढे काम पदव्युत्तर वर्गातील चार-पाच विद्यार्थ्यांस एका उन्हाळी सुटीत करता येण्याजोगे आहे. सिंधमध्ये प्रौढपणी घर मांडलेली पिढी आता राहिलेली नाही. तेथे जन्मून लहानपणी बराकीत आलेले जे आहेत ते ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. हे काम पावसापूर्वी हाती घेतलेले बरे, कारण जूननंतर त्या गल्ल्यांत मोजपट्टी धरून उभे राहणे कठीण जाते.