खोड कुणाची, तोडगा कुठे?

नोव्हेंबर १९९७मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमधला एक दोष उघडकीस आला. चार बाइटांची एक निरर्थक आज्ञा मिळाली की प्रोसेसर जागच्या जागी गोठे आणि संगणक पुन्हा सुरू करण्यावाचून इलाज नसे. ती आज्ञा द्यायला कसलाही विशेष अधिकार लागत नव्हता. एका संगणकावर अनेकजण काम करत असतील, तर त्यांतला कोणीही साऱ्यांचे काम ठप्प करू शकत होता.

यंत्राच्या अशा दोषाला प्रोग्रामर ‘क्वर्क’ म्हणतात. आपल्याकडे ‘खोड’ हा शब्द तयारच आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि सिलिकॉनचीही सहसा जात नाही. जुळवून घ्यावे लागते ते कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला. प्रश्न उरतो तो हे जुळवून घेणे नेमके कुठे लिहायचे, हा.

लिनक्सच्या कर्नलमध्ये पेंटियमवरचा तोडगा काही दिवसांतच आला. चुकीची आज्ञा आल्यावर प्रोसेसर ज्या तक्त्याकडे वळतो, त्याच्या स्मृतीतल्या पानावर निर्बंध घातला गेला. प्रोसेसर गोठण्याऐवजी वेगळी तक्रार नोंदवू लागला आणि कर्नलला हस्तक्षेपाची संधी मिळाली. लिनक्स तोवर अल्फा आणि स्पार्क या प्रोसेसरांवरही चालत होते. त्यांना या दोषाची झळ नव्हती, म्हणून तोडगा इंटेल-वंशाच्या विभागातच ठेवला गेला.

सगळ्याच खोडींचा धनी इतका उघड नसतो. २००१च्या सुमारास व्हिआ कंपनीच्या काही चिपसेटांमुळे हार्ड डिस्कवरची माहिती नकळत बिघडू लागली. संशय डिस्कच्या ड्रायव्हरवर यावा अशीच लक्षणे होती. मूळ मात्र उपकरणांना जोडणाऱ्या पीसीआय ब्रिजमध्ये होते. डिस्कच्या ड्रायव्हरला ठिगळ लावले असते, तर निरपराधाला शिक्षा झाली असती. तोडगा गेला पीसीआय विभागाच्या ‘क्वर्क्स’ नावाच्या फाइलमध्ये. ड्रायव्हर कामाला लागण्याआधी तिथल्या नोंदी चिपचा उत्पादक-क्रमांक पाहून खोड ओळखतात. त्या यादीत इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, कंपनीच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच!

यूएसबी साठवण-उपकरणांची तऱ्हा आणखी निराळी. शेवटच्या सेक्टरचा क्रमांक विचारला, तर काही उपकरणे सेक्टरांची एकूण संख्या सांगतात. मोजणी शून्यापासून असल्याने उत्तर एकाने चुकते आणि कर्नल नसलेला सेक्टर वाचायला जातो. अशांसाठी यूएसबी-साठवणीच्या ड्रायव्हरशेजारीच एक स्वतंत्र यादी आहे. तिथे उत्पादक, उत्पादन, आवृत्ती, सवलत आणि बऱ्याचदा तक्रार करणाऱ्याचे नावही नोंदलेले असते. कुणाचा कॅमेरा चालेना, कुणाचा म्युझिक प्लेअर. सामान्य वापरकर्त्यांच्या अडचणींची ही बखरच म्हणायची.

खोड जिथली, तोडगा तिथलाच, हे तत्त्व न पाळल्याची किंमत ३८६ प्रोसेसरने दाखवली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये लिनक्स लिहिले ते याच प्रोसेसरवर. ‘इथे लिहू नये’ अशी खूण केलेल्या पानावर कर्नल स्वतः लिहू लागला, तर ३८६ त्याला अडवत नसे. त्यासाठीच्या जादा तपासण्या स्मृती-व्यवस्थापनासारख्या मध्यवर्ती भागात शिरल्या. डिसेंबर २०१२मध्ये ३८६चा आधार काढला गेला, तेव्हा त्या एकेका जागेवरून वेचून काढाव्या लागल्या. यादीतली नोंद खोडायला एक ओळ पुरते. गाभ्यात मुरलेली खोड काढायला मात्र ती तिथे का आली, हे आठवणारे कोणी असावे लागते.