जरायुज शोभामत्स्य
जरायुज शोभामत्स्य : अंडी न घालता जिवंत पिलांना जन्म देणारे, जलपात्रांत शोभेसाठी पाळले जाणारे गोड्या पाण्यातील लहान मासे. गपी, प्लॅटी, स्वोर्डटेल व मॉली हे यांतील सर्वपरिचित मासे पीसिलिइडी कुलातील असून मेक्सिकोतील गूडिइडी कुलातील अनेक जातीही या गटात मोडतात. त्यांचे मूलस्थान अमेरिका खंडांत आहे.

गपीचे वर्णन व्हिल्हेल्म पेटर्स यांनी १८५९ मध्ये व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून केले व त्यास पीसिलिया रेटिक्युलॅटा हे नाव दिले. १८६६ मध्ये ॲल्बर्ट ग्युंथर यांनी, त्रिनिदादहून ब्रिटिश म्युझियमला मासे पाठविणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमीअर गपी यांच्या नावावरून त्याच माशाचे जिरार्डिनस गप्पिआय असे नामकरण केले. अग्रक्रमाच्या नियमामुळे हे नाव शास्त्रात टिकले नाही; व्यवहारात मात्र गपी हेच नाव जगभर रूढ झाले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे मासे जर्मनीतील हौशी पालकांच्या हाती आले. त्यांच्या झपाट्याने झालेल्या प्रसाराचे कारण त्यांच्या शरीररचनेत आहे. नराच्या गुदपक्षाचे रूपांतर मैथुनांगात झालेले असते व मादी एका समागमातील शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवते. त्यामुळे लांबच्या प्रवासातून एखादी गाभण मादी जिवंत पोहोचली, तरी वाण चालू राही. सुमारे चार आठवड्यांनी होणारी पिले जन्मतःच पोहतात व बारीक केलेले कोरडे अन्न खातात. आई स्वतःच त्यांना खाते, म्हणून पात्रात दाट पाणवनस्पती ठेवाव्या लागतात. गूडिइडी कुलात मात्र मादी शुक्राणू साठवत नाही. तेथे गर्भाचे पोषण आईच्या शरीरातून होते.

हौशी संकराचे शास्त्राला झालेले साहाय्य अनपेक्षित होते. योहानेस श्मिट (१९२०) व ओयव्हिंड विंग (१९२२) यांनी गपीच्या नरातील काही रंगठिपके केवळ बापाकडून मुलाकडे, म्हणजे वाय गुणसूत्रावरून, जातात असे दाखविले. रंगासाठी प्लॅटी व स्वोर्डटेल यांचा संकर करणाऱ्यांना काही संकरजांवर काळ्या गाठी दिसत. त्या कृष्णकर्काच्या, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाच्या, असल्याचे १९२०–३० या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. मायरन गॉर्डन यांनी अमेरिकेत व कुर्ट कोसव्हिग यांनी प्रथम जर्मनीत आणि १९३७ नंतर इस्तंबूलमध्ये या विषयाचा पाठपुरावा केला. प्लॅटीतील अर्बुदकारक जनुकाला आवर घालणारे जनुक संकरजांत हरवते, हे त्यातून निघालेले अनुमान. ते अर्बुदकारक जनुक १९८९ मध्ये ओळखण्यात आले. बाजारातील बहुतेक प्लॅटी व स्वोर्डटेल आज संकरजच असतात, हे येथे सांगणे अवश्य आहे.

भारतात गपी विसाव्या शतकाच्या आरंभी व गॅम्ब्युसिया १९२८ मध्ये आणला गेला, तो प्रामुख्याने हिवतापाच्या डासांच्या अळ्या खाण्यासाठी. मुंबईतही विहिरी व टाक्यांतून गपी सोडले गेले. बंदिस्त टाक्यांत त्याचा उपयोग होतो. पण ओढ्यानाल्यांत पसरलेला गॅम्ब्युसिया स्थानिक माशांची व बेडकांची अंडी-पिले फस्त करतो. हेच काम करणारे आप्लोकायलस प्रजातीतील देशी मासे उपलब्ध असताना परदेशी मासा मोकळ्या पाण्यात सोडण्याचे समर्थन करणे कठीण आहे.

याच्या नेमकी उलट हकिकत मेक्सिकोतील झूगोनेटिकस टकीला या माशाची आहे. हालिस्को राज्यातील ट्यूचित्लान नदीत राहणाऱ्या या माशाचे शास्त्रीय वर्णन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रदूषण, बांध व सोडलेले परके मासे यांमुळे पुढे काही वर्षांतच तो निसर्गातून नाहीसा झाला. पण छांदिष्टांच्या पात्रांत तो जिवंत होता. इंग्लंडमधील चेस्टर प्राणिसंग्रहालयाने मोरेल्या येथील विद्यापीठाला त्याच्या पाच जोड्या दिल्या व त्यांपासून वीण वाढविण्यात आली. काचेच्या पात्रात वाढलेल्या माशांना शत्रूंची ओळख नसते. म्हणून त्यांना प्रथम पक्षी, कासवे व परजीवी असलेल्या तळ्यांत ठेवून मगच नदीत सोडले. तेथे त्यांची नैसर्गिक वीण चालू झाल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले.